श्वासाची वाट – भाग 17 : मुलाचं फुप्फुस आईला चालेल का?

प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांचं वेळापत्रक या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी नक्की. मधेच पारोळा तालुक्यातून एक पत्र आलं आणि त्याच्या आधी दुसरं काही लिहावंसं वाटेना.

पत्र लिहिणारा कापूस पिकवणारा शेतकरी आहे. आई बासष्ट वर्षांची. बिडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळल्या. आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे आणि न्हाणीपर्यंत जाताना माउली तीनदा भिंत धरते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी फुप्फुस बदलण्याचा विषय काढला. मुलगा विचारतो, लोक किडनी देतात तसं मला माझं एक फुप्फुस देता येईल का? मला दोन आहेत. शेवटची ओळ त्यानं अहिराणीत लिहिली आहे : ‘माय मन्ही शे, मी देसू.’

भाऊ, हा प्रश्न माझ्या तपासणीच्या खोलीत वर्षानुवर्षं येतो आहे. बहुतेक वेळा मुलगाच विचारतो, कधी नवरा, एकदा सूनही. दरवेळी उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागतं. पण त्या ‘नाही’मागचं कारण नीट समजून घेण्याचा तुमचा हक्क आहे.

एक किडनी काढली की उरलेली थोडी मोठी होऊन दोघींचं काम सांभाळते. यकृताचा तुकडा दिला तर काही महिन्यांत ते पुन्हा भरून येतं. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाचा काढलेला भाग मात्र पुन्हा उगवत नाही. अख्खं फुप्फुस काढलं तर देणाऱ्याचा निम्मा श्वास कायमचा जातो. आईला वाचवायला निघालेला मुलगा स्वतःच धापा टाकू लागला तर ते कोणताही सर्जन मान्य करणार नाही.

तरीही जिवंत माणसाचं फुप्फुस दिलं गेलेलंच नाही, असं नाही. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. अख्खं फुप्फुस न काढता एकच खंड काढायचा, अशी वाट अमेरिकेत सर्जन वॉन स्टार्न्स यांनी 1990 मध्ये उघडली. तेव्हा एका आईनं आपल्या बारा वर्षांच्या मुलीला खंड दिला होता. पुढे ही पद्धत जपाननं सर्वांत मनापासून जोपासली. तिथे मेंदूमृत दात्यांचा कायदा 1997 मध्ये आला आणि दाते फारच थोडे मिळत होते. सर्जन हिरोशी दाते यांनी 1998 मध्ये ओकायामात अशी शस्त्रक्रिया केली. एप्रिल 2021 मध्ये त्यांच्याच क्योटोच्या पथकानं कोविडनं फुप्फुसं निकामी झालेल्या एका स्त्रीला नवरा आणि मुलगा या दोघांच्या फुप्फुसांचे भाग बसवले. शस्त्रक्रिया जवळजवळ अकरा तास चालली.

इथे नवरा आणि मुलगा, असे दोघे लागले हे लक्षात घ्या. मोठ्या माणसाला एका खंडावर भागत नाही. एकाचा उजवीकडचा खालचा खंड आणि दुसऱ्याचा डावीकडचा, असे दोन खंड बसवतात. म्हणजे एका रोग्यासाठी दोन निरोगी माणसं टेबलावर घ्यायची आणि प्रत्येकाची श्वासाची क्षमता साधारण पाचव्या हिश्शानं कमी करायची. त्यातून तुमच्या आईसारख्या सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, रोग्याची छाती आत अडकलेल्या हवेनं वर्षानुवर्षं फुगून पिंपासारखी झालेली असते. तेवढ्या पोकळीला दोन लहान खंड पुरत नाहीत. म्हणून जपानमधली ही वाट तुमच्या आईसाठी नाही.

आपल्याकडे प्रत्यारोपणाची फुप्फुसं येतात ती मेंदूमृत दात्याकडून. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, सहा तासांनी पुन्हा तपासतं, आणि मग नातेवाइकांची संमती घेतली जाते. त्यातही फुप्फुस हा सर्वांत नाजूक अवयव. व्हेंटिलेटरवर असताना त्यात पाणी साचतं, जंतुसंसर्ग होतो. पाच दात्यांपैकी चौघांची फुप्फुसं वापरता येत नाहीत, असा जगभरचा ढोबळ अनुभव आहे. उरलेल्यांतही रक्तगट जुळावा लागतो आणि छातीचं माप जुळावं लागतं. डिसेंबर 2020 मध्ये सुरतच्या अडीच वर्षांच्या बाळाचं हृदय आणि फुप्फुसं विमानानं चेन्नईला गेली, तीही लहान मुलांसाठीच. सुरतेत आपल्या खान्देशची किती घरं आहेत हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी तिथल्या नातेवाइकांचे मला फोन आले होते. मूल गेलेलं असताना आईबापांनी असा निर्णय घेतला, हे आठवलं की आजही हात थांबतो.

तेव्हा भाऊ, आईला फुप्फुस मिळालंच तर ते परक्या घरातून येईल. पण तुमच्याकडून जे लागेल ते परक्या कुणाला देता येणार नाही. आजचं लिहिणं खरं तर त्यासाठीच आहे.

शरीराबाहेर काढलेलं फुप्फुस बर्फात साधारण सहा तास टिकतं असं धरतात. फोन मध्यरात्री येऊ शकतो. पारोळ्याहून जळगाव गाठायचं, तिथून रेल्वेनं चारशेहून अधिक किलोमीटरवरची मुंबई, हे ऑक्सिजनवरच्या माणसाला त्या वेळात जमत नाही. म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं की मुंबई, पुणे किंवा चेन्नई, जिथे नाव असेल तिथे खोली घेऊन राहावं लागतं. शस्त्रक्रियेनंतरही काही महिने तिथेच. आईजवळ चोवीस तास कुणीतरी हवं. ते कोण असेल, शेत कोण बघेल, कापूस वेचणीच्या दिवसांत काय, हे आजच भावाबहिणींबरोबर बसून ठरवा. प्रत्यारोपण केंद्रातले लोक पहिल्याच भेटीत हे विचारतात. सोबतीला माणूस नसेल तर नाव पुढे सरकत नाही. एक अडचण मात्र दूर झाली आहे : रहिवासी दाखल्याची अट 2023 मध्ये काढली गेली, त्यामुळे दुसऱ्या राज्यातही नाव नोंदवता येतं.

आता वेळेबद्दल. किडनीच्या रोग्याला डायलिसिसवर वर्षं काढता येतात. फुप्फुसाला तसा आधार नाही. त्यामुळे आयसीयूत पोचल्यावर हा विषय काढणं म्हणजे उशीर. सीओपीडीत आम्ही चार गोष्टींचे गुण मोजतो : वजन, फुंकण्याच्या चाचणीचा आकडा, धाप आणि सहा मिनिटांत चालून झालेलं अंतर. गुण शून्य ते दहा, जास्त म्हणजे वाईट. पाच-सहावर पोचून तब्येत घसरत असेल तर केंद्राला दाखवून यावं, सात किंवा त्याहून जास्त असतील तर यादीचा विचार. फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुप्फुस कडक होत जाण्याच्या आजारात, मात्र निदान झालं की लगेच जाऊन भेटावं, तो रोग वाट पाहत नाही.

तुमच्या आईची फुंकण्याची चाचणी झाली का, हे पत्रात नाही. मी अशा कितीतरी मावश्यांना ती करताना पाहिलं आहे. जन्मभर फुंकणीनं विस्तव पेटता ठेवला आणि आता नळीत सहा सेकंदही फुंकता येत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते याच बायांबद्दल : धूम्रपान न करताही सीओपीडी होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे.

हेही सांगायला हवं की फुप्फुस बदलणं म्हणजे आजार संपणं नव्हे. जगभरचे आकडे पाहिले तर पाच वर्षांनी निम्म्याहून थोडे अधिक रोगी हयात असतात. सीओपीडीत आयुष्य किती वाढेल याची खात्री कमी, पण धाप न लागता अंघोळ करता येणं, नातवाला उचलता येणं हे मिळू शकतं. एवढ्यासाठी एवढं सोसायचं का, हे आईला विचारा. ती ‘नको’ म्हणाली तर तेही उत्तरच आहे.

उद्या सकाळी एक करा. अंगणात किंवा गल्लीत तीस मीटर मोजून दोन दगड ठेवा. दवाखान्यात आम्ही तेवढाच पट्टा आखतो. मशीनची नळी बाहेर पुरत नसेल तर लहान सिलिंडर घ्या, आणि तुमच्या डॉक्टरांनी परवानगी दिली तरच आईला सोबत घेऊन त्या दगडांमध्ये सावकाश चाला. रोज किती फेऱ्या झाल्या, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन कितीवर उतरला, हे वहीत लिहा. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की थांबा. ताटात दोन वेळा वरण घट्ट वाढा, कारण फार खंगलेल्या माणसावर ही शस्त्रक्रिया करत नाहीत. आणि घरातली चूल आता सुनेपुढे पेटत असेल तर ती आजच विझवा. महिन्याभरानं ती वही घेऊन या. तिच्यातले आकडे बघूनच आपण तिघं पुढचं ठरवू.