माहितीला आकार नसतो, मग इमारत कशाप्रमाणे बदलते?

वागळे इस्टेटमध्ये चक्कर मारलीत तर जुनी फॅक्टरीची शेड आणि काचेचा आयटी पार्क जवळजवळ दिसतील. एमआयडीसी 1962 मध्ये स्थापन झाली, आणि ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. शेड बघून आतलं काम ओळखता येतं: उंच छप्पर क्रेनसाठी, रुंद दरवाजा ट्रकसाठी. काचेमागे बँकेचा हिशोब चालतो की कॉल सेंटर, हे बाहेरून कळत नाही. इलेक्ट्रॉनिक माहिती अमूर्त, म्हणून तिची इमारतही बिनचेहऱ्याची, असा युक्तिवाद वास्तुकलेच्या चर्चेत नेहमी भेटतो.

मला तो अर्धाच पटतो. रोल्फ लँडॉअरने 1961 मध्येच दाखवलं की एक बिट पुसायला किमान ठरावीक ऊर्जा लागतेच. खोलीच्या तापमानाला सुमारे 2.9 × 10⁻²¹ ज्यूल. आकडा नगण्य आहे, आणि आपल्या चिप्स याच्या कितीतरी पट जास्त खर्च करतात. ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. सर्व्हरचा एक रॅक 7 किलोवॅट घेत असेल, तर फक्त त्याच्यासाठी दोन टन एसी हवा (एक टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॅट). मग डक्ट, चिलर, जनरेटर, केबलसाठी शाफ्ट. इमारत माहितीला नाही, तिच्या उष्णतेला आणि विजेला जागा करून देते. जपानमधल्या सेंडाई मीडियाथेकमध्ये (2001) तोयो इतोने हे लपवलं नाही: 13 जाळीदार पोलादी नळ्या मजले पेलतात, आणि त्यांतूनच लिफ्ट, हवा, केबल जातात.

आता तुमच्या प्रपोजलकडे येऊ. ‘डिजिटल युगाचा वास्तुकलेवर परिणाम’ हा विषय घेऊ नका, त्यात मोजायचं काय? त्यापेक्षा विचारा: कारखान्याच्या गाळ्याचं ऑफिस झालं, तेव्हा किती टक्के जागा थंडाव्याला आणि वीजपुरवठ्याला गेली? जुना नकाशा आणि आजची मोजणी, एवढ्यावर उत्तर मिळतं.

एक मात्र तपासा. आयटी पार्क उंच झाले ते फक्त कॉम्प्युटरमुळे नाही; राज्याच्या आयटी धोरणाने त्यांना जादा एफएसआय दिला. गाईड पहिला प्रश्न हाच विचारतील. त्यामुळे एफएसआय न बदललेले जुने गाळे निवडा, तुलना स्वच्छ होईल. आणि परवानगीचं पत्र आधी घ्या, नाहीतर टेप काढायच्या आत वॉचमन हाकलेल.