वस्तीचा पुढारी कोण? हा प्रश्न विचारण्याआधी

'वस्तीतील बदलते नेतृत्व' असं शीर्षक आराखड्यात लिहिणं सोपं आहे. ते मोजणार कसं, असं गाईडनी विचारलं की घाम फुटतो.

फ्लॉइड हंटर यांनी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जाणकारांना वजनदार माणसांची नावं विचारली. कृष्णवर्णीय समाजातलं नेतृत्वही त्यांनी असंच शोधलं. हे पुस्तक १९५३ चं. १९६१ मध्ये रॉबर्ट डाल यांनी वेगळी वाट धरली: नावलौकिक म्हणजे सत्ता नव्हे, प्रत्यक्ष निर्णयात कुणाचं चाललं ते बघा.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मला हा वाद पुस्तकीच वाटायचा. मग वाळूजला आमच्याच बौद्ध वस्तीत सराव म्हणून 'पुढारी कोण?' विचारत फिरले. उत्तरं ठरलेली: जयंती समितीचे अध्यक्ष, माजी ग्रामपंचायत सदस्य. सगळे पुरुष, सगळे बॅनरवरचे. दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलला: रात्री दवाखान्यात न्यायला कुणाचं दार वाजवलं? रेशनकार्डाचं काम कुणी केलं? आता बचत गटातल्या बाया निघाल्या, ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक कंत्राटी कामगार निघाला. आणि माझी आई. पहिल्या यादीत ती नव्हती. खरं सांगायचं तर मलाही ती सुचली नव्हती.

काळ बदलला म्हणून पुढारी बदलले, असं मात्र लगेच लिहू नका. १९५० ला सुरू झालेलं मिलिंद महाविद्यालय, ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली १९७२ ची दलित पँथर, १९७८ च्या नामांतर ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंतचा लढा. या काळात सभा गाजवणारा, तुरुंगात जाणारा माणूस पुढे दिसायचा. पण तेव्हा मागे भाकरी बांधून देणाऱ्या, पोरं सांभाळणाऱ्या कोण होत्या, हे कुणी विचारलं होतं का? बदललं ते नेतृत्व की आपला प्रश्न?

विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये लिहिलं की शिकलेले, कमावते कृष्णवर्णीय वस्ती सोडून गेले आणि तिथल्या संस्था खिळखिळ्या झाल्या. हे वाळूजला जसंच्या तसं चिकटवायचा मोह होतो. १९८५ ला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणखी कंपन्या आल्या. परमनंट झालेले काहीजण बजाजनगरला गेले. पण १४ एप्रिलला तेच वर्गणी घेऊन परत येतात, आणि मिरवणुकीचा मार्गही तेच ठरवतात! मग ते वस्तीतले की बाहेरचे? मी त्यांच्यासाठी वेगळा रकाना केलाय.

आणि भेटीची वेळ नोंदवा. मी दुपारीच जायचे, त्यामुळे पहिल्या पाळीचे लोक मला भेटलेच नाहीत.