तीन मिलिमीटरचे छत्र

समजा, आपल्या डोक्यावरच्या वातावरणातील सगळा ओझोन वायू वेगळा काढला आणि शून्य अंश सेल्सिअस तापमानाला, समुद्रसपाटीवरील दाबाखाली, जमिनीवर सारखा पसरला. त्याचा थर किती जाडीचा होईल? अवघा ३ मिलिमीटरच्या आसपास! ही जाडी 'डॉब्सन' या एककात मोजतात. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे एक डॉब्सन. म्हणून हा थर सुमारे ३०० डॉब्सनचा.

हा ओझोन मुख्यतः स्थितांबरात असतो. तेथे सूर्याचे जंबुपार किरण ऑक्सिजनच्या रेणूचे दोन अणू करतात. यास 'प्रकाश-विघटन' म्हणतात. सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूस जोडला गेला, की तीन अणूंचा ओझोन होतो. ओझोन घातक जंबुपार किरण शोषतो, फुटतो व पुन्हा जुळतो. नळाने पाणी येत असावे, मोरीने जात असावे, तरी हौदातील पातळी तीच राहावी, तसा हा 'गतिक समतोल'. सिडनी चॅपमन यांनी १९३० साली त्याचे स्पष्टीकरण दिले.

या हौदाला आपणच आणखी एक भोक पाडले. शीतकपाटे व फवाऱ्याचे डबे यांत क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू वापरात आले. ते सहजासहजी कशाशीही संयोग पावत नाहीत. म्हणून खालच्या हवेत टिकून राहतात व काही वर्षांनी स्थितांबरात पोहोचतात. तेथे जंबुपार किरणांमुळे त्यांतील क्लोरीनचा अणू सुटतो. तो ओझोनचा एक अणू हिरावून क्लोरीन मोनॉक्साइड बनतो. त्याला ऑक्सिजनचा सुटा अणू भेटला, की क्लोरीन पुन्हा मोकळा, पुढचा ओझोन फोडायला! स्वतः न संपता विक्रिया घडवणाऱ्या अशा पदार्थास 'उत्प्रेरक' म्हणतात. क्लोरीनचा एकच अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करू शकतो. मारिओ मोलिना व शेरवुड रोलँड यांनी १९७४ मध्ये हा धोका दाखवून दिला.

१९८५ मध्ये जोसेफ फारमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध केली. तेथील अतिथंड ढगांच्या कणांवर क्लोरीनची निष्क्रिय संयुगे क्रियाशील रूप घेतात आणि वसंत ऋतूत सूर्य उगवताच ओझोनचा नाश सुरू होतो.

१९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. आता ओझोन हळूहळू भरून येत आहे. पण जुने क्लोरीन वातावरणातून जायला अनेक दशके लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, २२० डॉब्सनपेक्षा कमी ओझोन असलेल्या भागास 'ओझोन छिद्र' म्हणतात. मग सांगा, छिद्राच्या कडेवर थराची जाडी किती मिलिमीटर? आणि त्यास खरोखर 'छिद्र' म्हणावे काय?