अंतःकरणशुद्धी, ख्रिस्ती

अंतःकरणशुद्धी, ख्रिस्ती : ईश्वराचे ज्ञान वा दर्शन होण्यासाठी ख्रिस्ती धर्मात आवश्यक मानलेली मनाची निर्मळ व एकनिष्ठ अवस्था. गिरिप्रवचनात (मत्तय ५:८) येशूने अंतःकरणाने शुद्ध असणाऱ्यांना धन्य म्हटले असून त्यांना ईश्वरदर्शनाचे आश्वासन दिले आहे. याउलट ‘निर्गम’ (३३:२०) या ग्रंथानुसार देवाला पाहून मनुष्य जिवंत राहू शकत नाही. त्यामुळे हे आश्वासन कोणत्या अर्थाने घ्यावयाचे, हा ख्रिस्ती तत्त्वचिंतनातील एक बिकट प्रश्न ठरला.

हिब्रू भाषेत ‘हृदय’ हा शब्द केवळ भावनावाचक नाही. विचार, संकल्प व स्मरण यांचेही ते केंद्र होय. या दृष्टीने मराठीतील ‘अंतःकरण’ हा शब्द मूळ अर्थास अधिक जवळचा आहे. मंदिरात प्रवेश करू इच्छिणाऱ्याचे हात व अंतःकरण दोन्ही स्वच्छ असावीत, अशी अपेक्षा २४ व्या स्तोत्रात आढळते. मनुष्याला विटाळणाऱ्या गोष्टी बाहेरून येत नसून आतून निघतात, असे सांगून येशूने (मार्क ७) शुद्धीचा भर विधींवरून आंतरिक वृत्तीवर आणला.

निसाचा ग्रेगरी (सु. ३३५–सु. ३९५) याच्या मते ईश्वराचे स्वरूप अगम्य असले, तरी त्याचे प्रतिबिंब मानवी अंतःकरणात मुळातच आहे. गंज घासून काढलेले लोखंड जसे सूर्यप्रकाशात चकाकते, तसे पापमल गेलेले मन त्या प्रतिबिंबाने उजळते. म्हणजे ज्ञान येथे बाहेरून मिळवावयाचे नाही. जे झाकले गेले आहे ते उघडे करावयाचे आहे.

साधनेच्या अंगाने या कल्पनेची सर्वांत मार्मिक मांडणी जॉन कॅसियन (सु. ३६०–सु. ४३५) याने केली. ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांशी झालेले संवाद त्याने लॅटिनमध्ये ग्रथित केले. त्यांपैकी पहिल्या संवादात मोझेस हा तपस्वी शेतकऱ्याचा दाखला देतो : भरघोस पीक हे शेतकऱ्याचे अंतिम साध्य, पण त्याची नजर असते ती तण काढून जमीन साफ करण्यावर. तद्वत ईश्वराचे राज्य हे साधकाचे अंतिम साध्य व अंतःकरणशुद्धी हे त्याचे निकटचे लक्ष्य होय. उपवास, जागरण, ग्रंथपठन ही केवळ साधने. अपार संपत्ती सोडून आलेले काही जण पुढे सुई वा लेखणी यांसारख्या क्षुल्लक वस्तूंवरून संतापतात, हे त्याचे निरीक्षण वैराग्याच्या बाह्य खुणांवर विसंबणाऱ्यांस आजही अडचणीत टाकणारे आहे. कॅसियनचा पूर्वसूरी इव्हॅग्रिअस (सु. ३४५–३९९) याने याच अवस्थेला ‘अपाथेइया’ म्हणजे विकाररहितता म्हटले होते, परंतु अशी अवस्था फक्त दगडाची किंवा ईश्वराचीच असू शकते, असा आक्षेप संत जेरोमने घेतला. कॅसियनने ती संज्ञा टाळली आणि शुद्धीचे सार प्रेमातच असल्याचे प्रतिपादले.

ही शुद्धी मनुष्याच्या प्रयत्नाने साधते की ईश्वरी कृपेने, हा वाद ऑगस्टीनच्या (३५४–४३०) काळात तीव्र झाला. त्याने कृपेस प्राधान्य दिले. सोळाव्या शतकात ल्यूथरनेही अंतःकरण श्रद्धेने शुद्ध होते यावर भर दिला. वेदान्तातील चित्तशुद्धीशी या कल्पनेचे साम्य सहज जाणवते; मात्र ख्रिस्ती मतानुसार ज्ञानप्राप्तीनंतरही भक्त व ईश्वर यांतील भेद मावळत नाही.

ईश्वरदर्शनाच्या स्वरूपाबाबत पूर्व व पश्चिम परंपरांत मतभेद राहिला. स्वर्गस्थ आत्म्यांना ईश्वराच्या सत्त्वाचे साक्षात दर्शन घडते, असे पोप बारावा बेनेडिक्ट याने १३३६ मध्ये घोषित केले. उलट ग्रेगरी पॅलमासच्या (१२९६–१३५९) मते ईश्वराचे सत्त्व सदैव अज्ञेय असून शुद्ध अंतःकरणास त्याच्या शक्तींचा प्रकाश अनुभवता येतो. कॉन्स्टँटिनोपलच्या १३५१ च्या धर्मसभेने हे मत मान्य केले. आधुनिक काळात डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉर याने १८४७ मध्ये अंतःकरणशुद्धीचा अर्थ संकल्पाची एकाग्रता असा लावला. बक्षिसाच्या आशेने किंवा शिक्षेच्या भीतीने सत्कृत्य करणारा मनुष्य त्याच्या दृष्टीने दुभंगलेल्या मनाचाच ठरतो.