वेष आणि अधिकार

श्रोतेहो, बहुरूपी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. अंगात खाकी पोशाख, हातात दंडुका आणि तोंडी अटकेची भाषा. दारात उभा राहून तो घरधन्यास दरडावी, नसलेल्या गुन्ह्याचा पाढा वाची आणि घरातील मंडळी हसत हसत त्याच्या झोळीत पसाभर धान्य टाकीत. तोच पोशाख आणि तेच दरडावणे एखाद्या ठकाने उचलले, तर मात्र तो गुन्हा ठरतो. वेष एकच असता हा भेद कोठून आला?

याचे उत्तर आपल्या दंडविधानात आहे. 1860 साली संमत झालेली भारतीय दंड संहिता 1 जानेवारी 1862 पासून अमलात आली. तिच्या 170 व्या कलमात तोतया लोकसेवकाचा गुन्हा सांगितला होता. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हा गुन्हा 204 व्या कलमात आला. पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. आता किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय दंड. मात्र गुन्हा सिद्ध होण्यास दोन गोष्टी लागतात. आपण त्या पदावर नाही हे त्या मनुष्यास ठाऊक असले पाहिजे आणि त्या पदाच्या आडून त्याने काही कृत्य केलेले, निदान करू पाहिलेले असले पाहिजे. नुसता गणवेश चढविण्याविषयी 205 वे कलम निराळे आहे. तेथेही लोकांनी आपल्याला खरा अधिकारी समजावे असा हेतू, किंवा ते तसे समजण्याचा संभव आहे ही जाणीव, आवश्यक असते. रंगभूमीवरील हवालदार आणि दारचा बहुरूपी निर्दोष राहतात ते यामुळेच.

ज्ञान आणि हेतू यांना कायदा एवढे महत्त्व का देतो, हे मुंबईच्या एका प्रसंगावरून चांगले ध्यानात येते. मार्च 1987 मध्ये एका मनुष्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गुप्तचर अधिकाऱ्यांच्या जागांसाठी उमेदवार बोलाविले, एका बड्या हॉटेलात मुलाखती घेतल्या आणि सव्वीस जणांची निवड केली. 19 मार्च रोजी त्यांना घेऊन तो ऑपेरा हाऊसजवळील एका नामांकित जवाहिऱ्याच्या पेढीवर 'छापा' घालण्यास गेला. नमुन्यादाखल दागिने पिशव्यांत भरून तो निघून गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. मागे राहिलेले तरुण मात्र साहेबांची वाट पाहत तेथेच थांबले होते! पेढीवरील माणसे फसली, तसे हे छापा घालणारेही फसले. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांचे वर्तन ठकासारखेच दिसले असेल. परंतु आपण खोटे आहोत हे एकट्या त्यालाच ठाऊक होते.

आता या कायद्याची दुसरी बाजू पाहू. सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकास जाणूनबुजून अडथळा करणे हाही गुन्हा आहे. जुन्या संहितेतील 186 वे कलम आज 221 वे झाले असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तलाठी, पोलीस शिपाई, न्यायालयाचा बेलिफ यांच्या कामात आडवे येऊ नये, असे कायदा सांगतो. आणि ज्या अर्थी नागरिकाने अधिकाऱ्यापुढे वाट सोडावयाची, त्या अर्थी तो अधिकारी खरा आहे ही हमीही त्यास मिळाली पाहिजे. तोतयास शिक्षा देणारे कलम ही हमी देते.

म्हणूनच ओळख विचारणे म्हणजे अडथळा नव्हे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटकेविषयी जे नियम घालून दिले, त्यांत अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे असा दंडक आहे. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, झडतीस त्रयस्थ पंच हवेत. आता तर झडतीचे चित्रमुद्रणही आवश्यक केले आहे. खरा अधिकारी या प्रश्नांनी दुखावत नाही. त्यांची उत्तरे देणे हे त्याचे कर्तव्यच असते.

हे सारे आज सांगावेसे वाटते, कारण तोतया आता दारात येत नाही. तो दूरध्वनीच्या पडद्यावर येतो. पाठीमागे कचेरीचा देखावा, अंगात गणवेश आणि तोंडी 'डिजिटल अरेस्ट' असे शब्द. आयुष्यभर कायदा पाळलेली, अनेकदा निवृत्त माणसेही त्याला बळी पडतात. सरकारी आज्ञा मोडू नये हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले असते. पण अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. अटक करावयाची तर अधिकाऱ्याने समक्ष येऊन त्या व्यक्तीस ताब्यात घ्यावे लागते; आणि चौकशीसाठी स्वतःच्या खात्यात पैसे भरा असे कोणतेही पोलीस ठाणे सांगत नाही. असा दूरध्वनी आला तर तो बंद करावा, घरातील माणसांशी बोलावे आणि 1930 या क्रमांकावर कळवावे. तसे करण्याने कोणाच्याही कर्तव्यात अडथळा येत नाही.

श्रोतेहो, बहुरूप्याला आपण हसत होतो, कारण तो कोण हे आपल्याला ठाऊक होते. दरडावणारा कोण हे ठाऊक नसेल, तेव्हा भिण्यापूर्वी एवढेच विचारावे, "आपण कोण? आपले नाव काय? आणि कोणत्या अधिकाराने आलात?"