घरभर संगीत : गिलाव्यापूर्वीचा विचार

विविध भारती १९५७ साली सुरू झाली. त्या काळी ज्या घरी रेडिओ असे, तेथे तो बहुधा एकच असे आणि त्याचे स्थान बैठकीच्या खोलीत असे. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या गृहिणीला गाणे ऐकू यावे म्हणून त्याचा आवाज वाढवला जाई. तो आवाज मधल्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलालाही सोसावा लागे. पुढे रेडिओची जागा मोठ्या म्युझिक सिस्टिमने घेतली, पण अडचण तीच राहिली. एका खोलीची आवड साऱ्या घरावर लादली जाई.

नवे घर बांधताना आज अनेक कुटुंबे प्रत्येक खोलीत संगीताची सोय करू इच्छितात. या सोयीचा हेतू आवाज वाढवणे हा नसून तो कमी करणे हा आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. घरात भिंती आणि दारे तिला आणखी अडवतात. कानाला आवाज दुप्पट वाटावा, तर सुमारे दहापट शक्ती खर्च करावी लागते. एका मोठ्या स्पीकरने सारे घर भरणे हा म्हणूनच तोट्याचा व्यवहार होय. खोलीखोलीत एकेक लहान स्पीकर मंद आवाजात लावला, तर सर्वांना ऐकू येते आणि त्रास कोणाला होत नाही.

दुकानातून काही खरेदी करण्यापूर्वी घराचा नकाशा पुढे घेऊन बसावे. कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, कोण काय ऐकते याची नोंद करावी. पहाटे आजी-आजोबांना स्तवने हवी असतात, त्याच वेळी रात्री उशिरा दुकान बंद करून आलेला मुलगा झोपलेला असतो. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांचा एक विभाग, म्हणजे झोन, चालतो. वडीलधाऱ्यांची खोली, शयनगृहे आणि अभ्यासिका यांचे विभाग मात्र वेगळे हवेत. प्रत्येक विभागात आवाज कमी-जास्त करण्याची आणि पूर्ण बंद करण्याची सोय त्या खोलीतच असावी. एकत्र कुटुंबात ऐकण्याच्या सोयीइतकेच न ऐकण्याचे स्वातंत्र्यही मोलाचे असते.

व्यवस्थेचे दोन मार्ग आहेत. पहिला तारांचा. अँप्लिफायर एका हवेशीर कपाटात ठेवून तेथून प्रत्येक खोलीपर्यंत तांब्याची दुपदरी स्पीकर केबल नेली जाते. सामान्य अंतरासाठी १.५ चौरस मिलिमीटरची आणि लांब अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची केबल योग्य ठरते. तिचा पाइप विजेच्या पाइपापासून फूटभर दूर ठेवावा. ओलांडणे अटळच असेल तर काटकोनात ओलांडावे. सोबत एक नेटवर्क केबलही टाकून ठेवावी. आपल्याकडील भिंती विटांच्या आणि स्लॅब काँक्रीटचा, त्यामुळे हे सारे गिलाव्यापूर्वीच व्हावयास हवे. नंतर झिऱ्या पाडणे म्हणजे धूळ, खर्च आणि पुन्हा रंगकाम. जेथे तूर्त स्पीकर नको, तेथेही आत ओढतार घालून रिकामा पाइप टाकावा. गिलाव्याआधी भिंतींची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना ती उपयोगी पडतात.

येथे एक चूक वारंवार घडते. सारे स्पीकर एकाच अँप्लिफायरला समांतर जोडले जातात. ८ ओहमचे दोन स्पीकर असे जोडले की भार ४ ओहमचा होतो आणि चार जोडले की २ ओहमचा. घरगुती अँप्लिफायर साधारणपणे ४ ते ८ ओहमसाठी बनवलेले असतात; भार त्याखाली गेला की ते तापतात आणि बंद पडतात. यासाठी अनेक विभागांचा अँप्लिफायर घ्यावा, अथवा मोठ्या दुकानांत आणि रेल्वे स्थानकांवर वापरली जाणारी १०० व्होल्टची पद्धत स्वीकारावी. तीत प्रत्येक स्पीकरला लहान ट्रान्सफॉर्मर असल्याने एकाच तारेवर अनेक स्पीकर सुखाने चालतात.

दुसरा मार्ग बिनतारी. कॅलिफोर्नियात २००२ साली स्थापन झालेल्या सोनोस कंपनीने २००५ साली आपली पहिली उपकरणे बाजारात आणली. अ‍ॅपलची एअरप्ले २ ही सुविधा २०१८ साली आली. तयार घरात तोडफोड न करता हा मार्ग अवलंबता येतो. तरीही प्रत्येक स्पीकरला विजेचा सॉकेट लागतोच, आणि काँक्रीटच्या भिंती वाय-फायचे संकेत क्षीण करतात. तीन मजली घरात मजल्यागणिक वाय-फायचे केंद्र लागण्याची शक्यता असते. निरनिराळ्या पद्धतींचे स्पीकर एकत्र केल्यास शेजारच्या दोन खोल्यांत तेच गाणे मागेपुढे वाजते, म्हणून सारे एकाच प्रणालीचे घ्यावेत.

खर्चाचा विचार हिशेबाच्या दृष्टीने करावा. भिंतीतील तांब्याची तार ही स्थावर मालमत्ता; ती पिढीभर टिकू शकते. उपकरणांचा घसारा मात्र झपाट्याने होतो. सोनोसनेच २०२० साली आपल्या काही जुन्या उपकरणांना नवी सॉफ्टवेअर सुधारणा देणे थांबवले. म्हणून जे जुने होणार ते कपाटात, सहज बदलता येईल असे ठेवावे. भिंतीत केवळ तार असावी. दरपत्रक घेतानाही वायरिंग, स्पीकर, अँप्लिफायर आणि जोडणी यांचे आकडे स्वतंत्र मागावेत.

शेवटी शेजाऱ्यांचा विचार. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. अनेक यंत्रांत कमाल आवाजाची मर्यादा ठरवून ठेवता येते. ती पहिल्याच दिवशी ठरवावी. आजीच्या खोलीतील स्तवन आजीला स्पष्ट ऐकू यावे आणि शेजारच्या खोलीतील झोप मोडू नये, एवढे साधले की घरातील संगीताची व्यवस्था यशस्वी झाली असे समजावे.