छापील वेगाच्या शर्ती

व्यवसायासाठी सर्व्हर घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेपुढे जेव्हा तीन-चार विक्रेत्यांची दरपत्रके येतात, तेव्हा त्यांतील वेगाचा आकडा एक तर खरा असेल, नाही तर खोटा, अशीच खरेदीखात्याची समजूत असते; वस्तुतः तो बहुधा खराच असतो, परंतु ज्या शर्तींवर तो खरा ठरला त्या आपल्या कारभारास लागू पडतात काय, ही चौकशी क्वचितच होते.

डिस्कचेच घ्या. ‘सेकंदाला दोनशे मेगाबाइट’ हे विधान सलग वाचनापुरते यथार्थ असते. मात्र मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरील हवी ती नोंद वाचकटोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, लागतात, आणि ते टोक योग्य जागी सरकण्यात बहुधा त्याहून अधिक काळ जातो; त्यामुळे विखुरलेल्या नोंदी अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचते, आणि नोंद ४ किलोबाइटांची धरली तर त्या साऱ्यांची बेरीज अर्ध्या मेगाबाइटातही मावते. बिले, साठा आणि येणेबाकी यांचे व्यवहार बव्हंशी अशा विखुरलेल्या नोंदींवरच चालतात.

नामांकित चाचणीचा निकाल निर्णायक असतो, हा समज अधिक प्रतिष्ठित आणि म्हणूनच अधिक घातक. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेक’ संस्थेच्या पहिल्या संचातील ‘मॅट्रिक्स३००’ ही चाचणी कंपायलर रचणाऱ्यांनी इतकी हस्तगत केली की, यंत्र तेच असूनही तिचे गुण कित्येक पटींनी वाढले, आणि १९९२ च्या संचातून ती वगळावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या कंपायलरने एका चाचणीपुरती खास तजवीज केल्याचे आढळले, तेव्हा २,६०० हून अधिक प्रसिद्ध निकालांवर तशी टीप जोडणे संस्थेस भाग पडले. अशा चाचणीसंस्था निरुपयोगी आहेत असे मुळीच नव्हे. ‘टीपीसी’ या दुसऱ्या चाचणीसंस्थेच्या निकालासोबत तर बहुधा यंत्राची किंमत आणि स्वतंत्र तपासनिसाचा दाखलाही द्यावा लागतो, आणि निकालाचा संपूर्ण अहवाल वाचण्याचे कष्ट खरेदीदाराने घेतलेच पाहिजेत.

कोअर दुप्पट केले की काम दुप्पट होते, हेही खरे नव्हे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच उरकावा लागत असेल, तर कितीही कोअर जोडले तरी वेग २० पटींपलीकडे जात नाही. डेटाबेसचा परवाना कोअरगणिक असल्यास खर्च मात्र वाढतच राहतो.

सर्व्हर नव्वद टक्के गुंतलेला राहिला म्हणजे पैसे वसूल झाले, असे मानणारे हिशेबनीसही पुष्कळ. मागण्या अनियमितपणे येत असतील, तर रांगेच्या साध्या गणिताप्रमाणे निम्म्या भारावर प्रतिसादास मूळ कामाच्या दुप्पट, तर नव्वद टक्क्यांवर दहापट वेळ लागतो.

म्हणून निविदेतच अशी अट घालावी की, विक्रेत्याने खरेदीदाराच्याच महिनाअखेरच्या व्यवहारांची नक्कल त्या यंत्रावर चालवून दाखवावी, आणि ‘रेड’ (RAID) या एकत्र जोडलेल्या डिस्कसंचातील एक डिस्क काढून नवी बसविल्यावर पुनर्बांधणी चालू असतानाचे आकडेही लेखी द्यावेत.